पंधरा पोरांची तालीम

दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावर वैशाली हे गाझियाबादमधलं शेवटचं स्टेशन. त्याच्या अलीकडे कौशांबी, आणि त्याच्याही अलीकडे आनंद विहार. आनंद विहारला दिल्ली सुरू होते. वैशालीतल्या एखाद्या घरात वडिलांची नोकरी गुरुग्राममध्ये म्हणजे हरियाणात, आईची दिल्लीत आणि मुलाची शाळा इंदिरापुरमला म्हणजे उत्तर प्रदेशात असते. तीन राज्यांची ही रोजची ये-जा कुणाच्या मनातही येत नाही. पण याच मुलाला रग्बी खेळून पुढे जायचं असेल, तर तो कोणत्या राज्याचा हे आधी ठरवावं लागतं. रग्बीची राष्ट्रीय स्पर्धा इतर खेळांप्रमाणे राज्यांच्या संघांची असते. जिल्हा, मग राज्य, मग देश. ज्या क्लबांत त्याला सराव मिळू शकतो ते यमुनेपलीकडचे, दुसऱ्या राज्यातले. ज्या राज्याकडून त्याची निवड व्हायची त्याची राजधानी लखनौ, जवळपास पाचशे किलोमीटर लांब.

मुलांचा सांघिक खेळ आपण राज्यांच्या हद्दींवर आणि निवडीच्या शिडीवर उभा केला, ही मला आपल्या क्रीडाव्यवस्थेतली मूळ चूक वाटते. तो क्लबावर उभा राहायला हवा, आणि शेजारच्या क्लबांनी एकमेकांशी वर्षभर खेळण्यावर. रग्बीचं उदाहरण घेण्याचं कारण साधं आहे. क्रिकेटमध्ये पैसा इतका आहे की व्यवस्थेतली पोकळी झाकली जाते. कबड्डीला गावोगावची परंपरा सांभाळून नेते. रग्बीला भारतात यातलं काहीच नाही, त्यामुळे जे कमी आहे ते तिथे उघडं पडतं.

क्लब म्हणजे इथे मला पोहण्याचा तलाव आणि जेवणाची दालनं असलेली जागा अभिप्रेत नाही. एका वस्तीतली माणसं, त्यांची स्वतःची वर्गणी, त्यांनीच निवडलेला चिटणीस, ठरलेलं मैदान, आठवड्याचे ठरलेले वार, आणि आठ वर्षांच्या पोरापासून चाळिशीतल्या गड्यापर्यंत सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचा सदरा. एवढं असलं की क्लब झाला. दिल्लीच्या आसपासच्या शहरांत यातलं फारच थोडं सापडतं. अकादम्या मात्र पुष्कळ आहेत. अकादमीत मूल हे गिऱ्हाईक असतं. महिन्याची फी थांबली की नातं संपतं, आणि चालक दुसऱ्या सेक्टरला गेला की अकादमीही जाते. शाळेचे संघ असतात, पण शाळा सुटली की संघ सुटतो. उरतो तो निवडीसाठी जमवलेला संघ. स्पर्धेआधी पंधरा दिवस मुलं गोळा करायची, खेळवायची, प्रमाणपत्रं वाटायची आणि पांगायचं. कमी प्रचलित खेळांत हा प्रकार जास्त चालतो, कारण तिथे स्पर्धक थोडे आणि प्रमाणपत्राचा उपयोग कॉलेजच्या प्रवेशाला किंवा नोकरीतल्या राखीव जागेला होतो. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या रविवारी कुठे खेळायचं, याचं उत्तर त्यांना कुणी दिलेलंच नसतं.

रग्बीचा सगळा इतिहास क्लबांचा आहे. १८७१ साली लंडनमध्ये एकवीस क्लबांची माणसं एकत्र बसली आणि इंग्लंडची रग्बी संघटना जन्मली. आधी क्लब, मग संघटना, हा क्रम लक्षात घ्यावा. आपल्याकडे बहुतेक वेळा तो उलटा असतो. पुढच्याच वर्षी, १८७२ च्या नाताळात, कलकत्त्यात गोऱ्या लोकांनी सामना खेळला आणि त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लबाचं रग्बी सुरू झालं. ते जेमतेम पाच-सहा वर्षं टिकलं. पलटणी बदलल्या, पोलो आणि टेनिसने माणसं ओढून नेली, आणि १८७८ मध्ये उरलेल्या सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून एक चषक घडवला आणि तो इंग्लंडच्या संघटनेला देऊन टाकला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. मला ती एका अपयशाची गोष्ट वाटते. त्या क्लबात या मातीतलं एकही पोर नव्हतं, म्हणून सभासद परत गेले आणि मागे खेळायला कुणी उरलं नाही. खेळ इथे रुजला असता तर ते रुपये मैदानावर खर्च झाले असते.

मुंबईची कहाणी याहून लांबली. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या ज्या मैदानावर १९३३ च्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना झाला, तिथेच पावसाळ्यात रग्बी चालायचं, आजही चालतं. अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ पासूनची आहे आणि ती राज्यांची नव्हे, क्लबांची स्पर्धा म्हणून सुरू झाली. म्हणजे भारतीय रग्बीचा सर्वांत जुना वारसाही क्लबांचाच. पण जिमखान्याचं दार ब्रिटिश काळात भारतीयांना सभासद म्हणून बंद होतं. बंद दारामागे खेळलेला खेळ देशाचा होत नाही. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं रग्बी म्हणजे जिमखान्यातली माणसं, लष्कर, पोलीस आणि कलकत्त्यातली थोडी मंडळी एवढ्यापुरतंच राहिलं. भारताच्या पुरुष संघाने पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ मध्ये. अभिनेता राहुल बोस त्या संघात होता. पुढे तो भारताच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.

त्याच सुमारास त्याच जिमखान्याच्या दारात जे घडलं ते मला भारतीय रग्बीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. जिमखान्यासमोरच्या फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवर राहणारी, वस्तू विकणारी मुलं कुंपणातून सराव बघत उभी असत. मॅथ्यू स्पेसी हा तिथला इंग्रज खेळाडू त्यांना आत घेऊन आला आणि त्यांच्याशी खेळू लागला. त्यातून १९९९ मध्ये मॅजिक बस ही संस्था उभी राहिली. पुढे ती खेळाच्या निमित्ताने शिक्षण आणि रोजगार यांकडे वळली. तो तिचा मार्ग. पण पहिली पायरी बघा. चाचणी नव्हती, निवड नव्हती. पोर कुंपणाबाहेर उभं होतं, त्याला आत घेतलं, एवढंच. कलकत्त्यात २००४ पासून पॉल वॉल्श यांनी जंगल क्रोज या क्लबाच्या रूपाने हेच केलं. मैदानावर आणि आसपास राहणाऱ्या पोरांचा क्लब. वॉल्श यांनीच भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या आदिवासी मुलांना खेळ शिकवला, आणि २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत त्या मुलांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवलं. त्यांच्याच पुढच्या कामातून जलपाईगुडीच्या जंगलाकडेच्या सरस्वतीपूर चहामळ्यातल्या मजूर घरांतल्या मुली रग्बी खेळू लागल्या आणि काही भारताच्या संघापर्यंत पोचल्या. ही सगळी उदाहरणं अशा मुलांची आहेत ज्यांच्याकडे कुठलाही निवडकर्ता ढुंकून बघणार नव्हता.

आता दिल्लीकडे येऊ. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रग्बी सेव्हन्सचे सामने दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर झाले. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवून सुवर्णपदक घेतलं, भारतही खेळला. गाझियाबादपासून तासाभराच्या अंतरावर जगातले उत्तमातले उत्तम रग्बी खेळाडू येऊन गेले. अशा वेळी आपण नेहमी म्हणतो, आता खेळ वाढेल. पण बघितल्याने खेळ वाढत नाही. त्या रात्री घरी येऊन बापाकडे चेंडू मागणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी नेऊन सोडायला जागा हवी. दिल्लीत हरिकेन्ससारखे क्लब त्या आधीपासून होते आणि त्यांनी मुलांसाठी खूप केलंही, पण अडीच-तीन कोटींच्या महानगर पट्ट्यात मूठभर क्लब किती पुरणार? पैसा वरून ओतला की खाली झिरपेल ही कल्पना तेव्हाही चुकीची होती, आजही आहे. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, टीव्हीवर दिसली, चेन्नईचा संघ जिंकला. दिल्लीच्या नावाचाही संघ होता आणि तो अंतिम फेरीत पोचला. लीग झाली याचा मला आनंदच आहे. पण त्या संघाच्या नावातली दिल्ली म्हणजे कुठलं मैदान आणि कुठली पोरं, याला उत्तर नाही. क्लबाशिवाय लीग म्हणजे पाया न घालता चढवलेला मजला.

उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. कोल्हापुरात जावं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यांतल्या बहुतेक मुळात पेठेच्या तालमी, लाल मातीच्या आखाड्याच्या. फुटबॉल आला आणि या तालमींनी तो आपलासा केला. पेठेतलं पोर जन्मतःच पाटाकडीलचं किंवा दिलबहारचं असतं. मोठ्यांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरतं, आणि त्याच रंगाचा सदरा घातलेलं पोर सकाळी गांधी मैदानात चेंडूमागे पळत असतं. कुणी निवडलं नाही म्हणून त्याला कुणी घरी पाठवत नाही. पुढे तो खेळला नाही तरी तालमीचा कार्यकर्ता होतो, पंच होतो, वर्गणी मागतो, पोराला घेऊन येतो. त्याच कोल्हापूर परिसरात रग्बी गेल्यावर तिथल्या मुली थोड्याच वर्षांत देशाच्या संघापर्यंत गेल्या, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. खेळ नवा होता, पण संध्याकाळी मैदानावर जायचं असतं हे घरादाराला ठाऊक होतं.

महाराष्ट्राला ही रचना जुनी आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या पट्ट्यात चाळीचाळींतून कबड्डीची मंडळं उभी राहिली ती पाळी संपवून आलेल्या कामगारांची. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, आणि त्याच्या मैदानावरच्या शर्यती बघून दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून खेळाडू पाठवण्याचं मनावर घेतलं. त्या संघात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता आणि त्याने तिथे मॅरेथॉन पूर्ण केली. कोण कोणत्या प्रांताचा हा प्रश्न तेव्हा आड आला नाही, कारण निवड मैदानातून आली होती. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. पारतंत्र्यात, सरकारी अनुदानाशिवाय निघालेल्या या संस्थेचा चमू १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. ही माणसं राज्य संघटनेच्या पत्राची वाट बघत बसली नव्हती. आज मात्र आपल्याला कुठलाही खेळ सुरू करायचा तर आधी मान्यता, मग लेटरहेड, मग निवड चाचणी, आणि शेवटी, वेळ उरला तर, सराव असा क्रम सुचतो.

मुलांच्या रग्बीत क्लब का लागतो, याची कारणं खेळाच्या आतही आहेत, आणि ती मला इतिहासापेक्षा महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण वयाचं. भारतातल्या वयोगटांच्या खेळांना वयचोरीची जुनी कीड आहे. क्रिकेट मंडळाला मनगटाच्या हाडांचे एक्स-रे काढून वय तपासावं लागतं, यावरून तिची खोली कळावी. क्रिकेटमध्ये वय चोरलेला मुलगा दुसऱ्याची जागा घेतो. रग्बीत तो दुसऱ्याचं हाड मोडतो. चौदा वर्षांच्या कोवळ्या पोरावर सतरा वर्षांचा मिसरूड फुटलेला गडी पूर्ण वेगाने आदळला, तर तो खेळ राहत नाही. जन्मदाखला कुठूनही येतो. पण जो प्रशिक्षक त्या मुलाला आठव्या वर्षापासून ओळखतो, त्याच्या दुधाच्या दातांपासून ज्याने बघितलं, त्याला दाखल्याची गरज नसते, आणि शेजारच्या क्लबालाही त्या मुलाची माहिती असते. लबाडी अनोळखी माणसांत सोपी जाते. त्याच त्या चार क्लबांशी वर्षानुवर्षं खेळायचं असेल तर ती अंगाशी येते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलांचे गट वयाबरोबर वजनावरही पाडतात, म्हणजे लवकर वाढलेलं पोर लहानखुऱ्या पोराला चिरडत नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत एक वजनकाटा ठेवायला किती खर्च येणार आहे?

दुसरं कारण, खेळायला मिळण्याचं. इंग्लंडच्या संघटनेचा मुलांच्या सामन्यांसाठी एक नियम मला फार आवडतो. सामन्यासाठी जितकी मुलं आणली, त्या प्रत्येकाला किमान अर्धा वेळ मैदानावर खेळवलंच पाहिजे. जिंकत असा वा हरत. लहान वयोगटांत तर चषकाच्या स्पर्धांऐवजी मेळावे भरवतात, आणि पहिली दोन वर्षं टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, हाही नसतो, कमरेची पट्टी ओढली की मुलाने चेंडू साथीदाराकडे द्यायचा. आपल्या स्पर्धांचं चित्र आठवून बघा. राखीव खेळाडूंच्या बाकावर तीन तास बसलेलं पोर, ज्याच्या आईने पहाटे डबा करून दिलाय, ते न खेळता घरी येतं आणि पुढच्या महिन्यात खेळ सोडतं. निवडीच्या संघात हे टळत नाही, कारण तिथे प्रशिक्षकाची नोकरी निकालावर असते. क्लबाला मात्र ते पोर पुढची तीस वर्षं हवं असतं. शंभर मुलांतून एक हिरा शोधणं हे सरकारी योजनांचं काम असेल, त्यांनी ते करावं. बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय करायचं, हा प्रश्न क्लबाशिवाय कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खेळाचं खरं राज्य त्या नव्व्याण्णवांचंच आहे.

तिसरी गोष्ट थोडी वादाची आहे. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स आलं, म्हणजे सात-सात खेळाडूंचं, सात मिनिटांच्या दोन डावांचं रग्बी, आणि भारताचं सगळं लक्ष तिकडे गेलं. ते समजण्यासारखं आहे. पैसा कमी, माणसं कमी, पदकाची आशा जास्त. आपल्या मुली त्यात चमकल्याही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारच्या राजगीरला झालेल्या आशियाई वीस वर्षांखालील स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. शिवाय सेव्हन्सचा जन्मच क्लबाच्या गरजेतून झाला. १८८३ साली स्कॉटलंडच्या मेलरोज गावात क्लबाची तिजोरी रिकामी होती, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटिकाने एका दिवसात अनेक संघ खेळवता यावेत म्हणून संघ सात जणांचे केले. एका दिवसात स्पर्धा उरकायला ते सोयीचंच. पण मुलांच्या क्लबाने केवळ सेव्हन्सवर थांबू नये. सातांच्या खेळात वेगवान, सडपातळ मुलांनाच जागा असते. पंधरांच्या खेळात जाड मुलगा पुढच्या फळीत प्रॉप होतो आणि त्याच्यावाचून स्क्रम, म्हणजे दोन्ही फळ्यांची रेटारेटी, उभा राहत नाही. उंच, किडकिडीत मुलगा लाइनआउटला, म्हणजे रेषेबाहेरून फेकलेला चेंडू झेलायला, उपयोगी पडतो. बुटका, चलाख मुलगा स्क्रममागून चेंडू काढणारा स्क्रमहाफ. शाळेत ज्याला ‘ढोल्या’ म्हणून चिडवतात, संघ पाडताना ज्याला शेवटी घेतात, त्याला या एका खेळात मानाची जागा आहे. शहरी मध्यमवर्गीय मुलांची वजनं वाढत असताना आपण असा खेळ मुलांपुढे ठेवायचा आणि त्यातून नेमकी तीच मुलं वगळायची, हे मला पटत नाही. पंधरा जमत नसतील तर दहा-दहांचे सामने घ्या, पण पुढची फळी ठेवा.

आईबापांची भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. डोक्याला मार बसण्याचा धोका या खेळात आहे. जगभर त्यावर नियम कडक झालेत. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला ताबडतोब बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी सामन्यांत टॅकल छातीच्या हाडाखालीच करायचा नियम आहे. हे नियम कागदावर कुठेही पोचतात. ते पाळायला असा माणूस लागतो जो अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला आपला सर्वांत चांगला खेळाडू बाहेर घेईल. निवडीच्या स्पर्धेत हे फार कठीण जातं. क्लबात तो माणूस त्या मुलाचा शेजारी असतो, दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याला मुलाची आई भेटणार असते. मुलींच्या बाबतीत हा विश्वास आणखी लागतो. पुण्याची वाहबिझ भरुचा भारताची कर्णधार झाली, बिहारच्या बाढची स्वीटी कुमारी २०१९ मध्ये जगातली सर्वोत्तम युवा महिला खेळाडू ठरली, त्याच वर्षी जूनमध्ये मनिलात आपल्या महिलांनी सिंगापूरला हरवून पंधरांच्या खेळातला पहिला विजय मिळवला. या बातम्या वाचून मुलगी मैदानावर यायला तयार होईलही, पण संध्याकाळी साडेसहाला तिला घरी सोडायला कोण येणार, हे ठरल्याशिवाय आई तिला पाठवणार नाही. त्याची व्यवस्था राष्ट्रीय संघटना करू शकत नाही. गल्लीतली माणसं करतात.

गाझियाबादची स्वतःची अडचण हवेची आणि हंगामाची आहे. नोव्हेंबर ते जानेवारी खेळायला सर्वांत छान थंडी असते आणि तेव्हाच हवा विषारी असते. लोणी आणि वसुंधरा इथली मोजणीयंत्रं त्या दिवसांत देशातल्या सर्वांत वाईट आकड्यांत असतात आणि शाळांना मैदानं बंद ठेवावी लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. एप्रिलपासून जूनपर्यंत ऊन असं की जमीन विटेसारखी कडक होते, आणि कडक जमिनीवर टॅकल म्हणजे मोडलेलं खांद्याचं हाड. राहता राहिला पावसाळा. जुलै ते सप्टेंबर. हवा धुतलेली, जमीन मऊ. मुंबईचं रग्बीही पावसातच खेळलं जातं, आणि ते बरोबर आहे. म्हणून दिल्लीभोवतीच्या मुलांच्या क्लबस्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच हवा. लखनौहून किंवा दिल्लीतल्या कार्यालयातून काढलेलं वार्षिक वेळापत्रक हे पाहत नाही. क्लबांनी आपसात ठरवलं तर पाहतील, कारण फुफ्फुसं त्यांच्याच पोरांची आहेत.

मैदान हा दुसरा पेच. सोसायट्यांच्या हिरवळीवर चेंडूला बंदी. कवीनगरच्या रामलीला मैदानासारख्या मोठ्या जागा वर्षातला बराच काळ मेळ्यांना आणि समारंभांना लागतात. राजनगर एक्स्टेंशनला आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम होणार, ही चर्चा कितीतरी वर्षं चालली आहे. स्टेडियम झालं तरी त्यात वैशालीचं पोर खेळणार नाही, तिकीट काढून बसेल. त्यापेक्षा विकास प्राधिकरणाने प्रत्येक मोठ्या सेक्टरात एक जागा आठवड्यातले तीन दिवस नोंदणीकृत क्लबांना नाममात्र भाड्याने द्यावी. क्लबाने ती झाडावी, पाणी मारावं, रेघा आखाव्यात, आणि उरलेले चार दिवस बाकीच्यांना मोकळी सोडावी. स्टेडियमच्या दिव्याच्या एका खांबाच्या खर्चात हे होण्यासारखं आहे.

या रचनेवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. कोल्हापुरात तालमींच्या समर्थकांत हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, पोलीस बंदोबस्त लागतो. क्लबाचा अभिमान गटबाजीत उतरायला वेळ लागत नाही, आणि नगरसेवकाचा फलक तालमीवर लागला की खेळाडू बाजूला पडतो. दुसऱ्या टोकाला जिमखाना, दाराशी पहारेकरी. खुद्द इंग्लंडमध्ये १८९५ साली उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले, कारण शनिवारी खेळायला जाताना खाणीतल्या आणि गिरणीतल्या कामगारांचा बुडणारा रोज भरून द्यायला दक्षिणेतल्या साहेबांच्या संघटनेने नकार दिला. म्हणजे क्लब आपोआप चांगला नसतो. तो कुणाचा आहे यावर सगळं आहे. इंदिरापुरमच्या उंच इमारतींतल्या मुलांचाच क्लब निघाला आणि शेजारच्या कनावनीतलं, खोड्यातलं पोर बाहेर राहिलं, तर आपण जिमखान्याची लहान प्रत काढली असं होईल. म्हणून सभासदत्वाची अट एकच असावी, मैदानावर वेळेवर येणं. फी ज्याला परवडते त्याने जास्त द्यावी. आणि पाहुण्या संघाला सामन्यानंतर यजमानांनी जेवू घालायचं, ही रग्बीतली जुनी चाल काटेकोर पाळावी. एका पंगतीत बसलेल्या पोरांत पुढच्या सामन्यात हाणामारी होणं अवघड जातं. क्लबांत दोष शिरतात ते माणसांच्या लक्षात येतात आणि माणसं ते भांडून दुरुस्त करू शकतात. निवड समितीच्या बंद खोलीतला दोष दिसतही नाही.

म्हणून माझं सांगणं दिल्ली, गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम इथल्या मराठी मंडळींना आहे. तुम्ही परमुलखात दहा दिवसांचा गणपती बसवता. वर्गणी गोळा करता, पावत्या फाडता, पोलिसांची आणि प्राधिकरणाची परवानगी आणता, मांडव घालता, दीडदोनशे माणसांचं जेवण उरकता, विसर्जनाची जागा ठरवता आणि शेवटी हिशेब मांडता. क्लब चालवायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. सांगली-विट्याकडची गलाई कारागीर मंडळी उत्तरेतल्या गावोगावी आहेत, त्यांच्या घरात तालीम काय असते हे सांगावं लागत नाही. मराठी पोरांचाच क्लब काढा असं मी म्हणत नाही. तसं करू नका. बिहारी, गढवाली, पंजाबी, जाट, सगळ्यांची पोरं घ्या. तालीम वस्तीची असते, जातीची किंवा भाषेची नसते. येत्या जुलैत चार चेंडू, एक वजनकाटा, एक प्रथमोपचाराची पेटी आणि पंधरा पोरं एवढ्यावर सुरुवात करा. यमुनेपलीकडच्या आणि नोएडातल्या क्लबांना बोलवा, ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी खेळा, आणि आणलेल्या प्रत्येक पोराला अर्धा वेळ मैदानावर उतरवा.